देवाऱ्यातला वीर

पनवेल, ८ जुलै २०२५

कमळाकरदादा,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. बाबा गेले त्या दिवशी फोनवर आपण दोघं जे बोललो त्यानंतर सप्रेम कुठून आणू? तू म्हणालास, पळपुट्याला खांदा द्यायला मी येणार नाही. मी म्हणाले, मग तू आमच्यासाठी मेलास. तुझं वाक्य वाईट की माझं, यावर वर्षभर डोकं शिणवून झालं. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून भाविकाकडून अंकलेश्वरचा तुझा नवा पत्ता मागून घेतला. पोरगी गुणी आहे हो तुझी. आत्या म्हणते मला, कोणी न शिकवता.

फोन कापता येतो. कागद फार तर फाडशील, पण फाडण्याआधी दोन ओळी तरी वाचशील. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरलेली बाई आहे मी, थोडक्यात लिहिणं मला जमत नाही.

गेल्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. तेव्हापासून आईच्या डोक्यात एकच, त्यांचा टाक करून देवाऱ्यात बसवायचा, दसऱ्याच्या आत. कोन गावातलं आपलं घर रस्त्यात गेल्यावर देवारा माझ्याकडे पनवेलला आणला हे तुला माहीतच आहे. आईही देवाऱ्याबरोबर आली. देव पुढे आणि ती मागे, अशीच टेम्पोत बसली होती.

टाकाचं माप द्यायला सोनाराकडे निघाले तर म्हणाली, "माज्या भावालाही ने. घासून आन. किती काला परलाय बग."

तिचा भाऊ म्हणजे आपला अवधूतमामा, म्हणजे देवाऱ्यातला तो गोल वीर. लहानपणी तू मला सांगायचास ना, मामा लढाईत गेला तेव्हा सरकारनं त्याचा चांदीचा टाक पाठवला म्हणून? मी ते अंगणवाडीतल्या पोरांनाही सांगत आले.

जुन्या बाजारातल्या शेठनी तो रिठ्याच्या पाण्यात टाकला. हळदकुंकवाचे थर निघाले, पन्नास वर्षांचे. मग म्हणाले, "मावशी, ही चांदी नाही. निकेल आहे. आणि हा टाकपण नाही. वर कडी कापल्याची खूण बघा. हे मेडल आहे." मी म्हटलं, असेल, सरकारनंच पाठवलं होतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कडेवर बोट फिरवत आकडे वाचायला लागले. नाव झिजलंय म्हणाले, शेवटची दोन-तीन अक्षरं दिसतायत, पण नंबर स्पष्ट आहे. दोन, सात, चार...

दादा, पुढचे आकडे मी बोलले. शेठ वाचायच्या आधी मी बोलले, आणि ते शेवटी सहा-तीन-शून्य-आठ असे संपले. शेठ भिंग काढून माझ्याकडे बघतच राहिले.

तुला आठवतात का ते आकडे? तांदळाच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेले? तू त्यांवर मला आकडे शिकवलेस. सहाचं पोट कुठं आणि तीनचं कुठं, ते खडूनं गिरवून घ्यायचास आणि चुकलं की टपली मारायचास.

ती ट्रंक मामाची नव्हती. बाबांची होती.

मी अलिबागला सैनिक कार्यालयात जाणार आहे. खात्री केल्याशिवाय आईला काही बोलणार नाही आणि तूही भाविकामार्फत काही बोलू नकोस. तुझ्या भरतीच्या पत्राचं प्रकरण मी आज काढणार नाही. आज एवढंच.

शशी

पनवेल, २९ जुलै २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी सांगते.

अलिबागला एसटीनं गेले. हातात पिशवी, पिशवीत आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वीर, आणि देवाऱ्यात त्याच्यासमोर असते ती पितळी चांदणी. आईला सांगितलं, शेठकडे पॉलिशला अजून आठ दिवस लागतील. खोटं बोलायची सवय आपल्या घरात सगळ्यांनाच आहे, मला एकटीला नाही.

कार्यालयात एक रिटायर्ड सुभेदार बसतात. नाव विचारायचं राहिलं. टेबलावर लुगड्याचा तुकडा उलगडला तर दोन्ही वस्तूंना कुंकू लागलेलं. ते आधी हसले, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबले. गोल ते संग्राम पदक, असं म्हणाले. वरचे तीन सिंह झिजून नुसते तीन उंचवटे राहिलेत, पण त्यांनी आकारावरून ओळखलं. चांदणी म्हणजे 'पूर्वी स्टार', एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होता त्याला मिळतो. चांदणीच्या मागेही तोच नंबर.

"रिबनी कुठं आहेत?" म्हणाले.

आता काय सांगू त्यांना? रिबन माझ्या वेणीला होती. मी चार वर्षांची होते, बालवाडीत ती मिरवत गेले होते, हे आई अजून कौतुकानं सांगते. आणि बाबा ओट्यावर बसून माझी वेणी बघत राहिले, हेही सांगते. ते तिला कौतुकाचं वाटतं. मला त्या खुर्चीत बसून रडू आलं, सुभेदारसाहेबांनी चहा मागवला.

मी ट्रंकेतून बाबांचं डिस्चार्ज बुक नेलं होतं. तांदळाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं ते. आपण सगळे त्याच्यावरचे तांदूळ मापट्यानं काढून खात आलो आणि कोणाला ते उघडावंसं वाटलं नाही. त्यांनी एकेक पान वाचून दाखवलं. भरती सहासष्ट, घरी पाठवलं त्र्याहत्तरला, सात वर्षांची नोकरी पूर्ण झाली म्हणून. पुढे रिझर्व्हला नाव. कुठं पळून जाणं नाही, शिक्षा नाही, लाल शाईची एक रेघ नाही. वर्तणुकीच्या रकान्यात 'एक्झेम्प्लरी' लिहिलंय. मी अर्थ विचारला. म्हणाले, "याच्यावर शेरा नसतो बाई. हा सगळ्यात वरचा."

नंबर पुस्तकावर, नंबर ट्रंकेवर, नंबर पदकावर. एकच.

म्हणजे कोन गावात तू, मी, काकी, सगळी भावकी ज्यांना पळून आलेला म्हणत होतो ते पळून आलेले नव्हते. आणि देवाऱ्यातला वीर मामा नव्हता. ते बाबा होते. रोज सकाळी आंघोळ करून देवाऱ्यावरून तसेच पुढे जायचे, हात जोडायचे नाहीत. आई म्हणायची, देव मानत नाय माज्या घरचा मानूस. तू म्हणायचास, मामाचं तोंड बघायची लाज वाटते त्यांना.

अरे, स्वतःलाच कसा नमस्कार करणार होते ते?

मामाचं काय झालं तेही मी विचारलं. नाव, गाव जासई, आईनं सांगितलेलं पलटणीचं नाव, सगळं लिहून दिलं. ते रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवणार आहेत.

शशी

पनवेल, १२ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझा निरोप भाविकानं कळवला. एकच वाक्य. "आईला खरं सांग आणि बाबांचं मेडल देवाऱ्यातून काढ, मी फ्रेम करून इथं लावतो."

'बाबांचं' म्हणालास. ते वाक्य मी दिवसभर मोबाईलवर पुन्हा पुन्हा बघितलं. छत्तीस वर्षांत तू त्यांना 'तो माणूस' सोडून दुसरं काही म्हणाला नव्हतास. एवढ्यानंच माझं पत्र लिहिल्याचं सार्थक झालं असं वाटलं, आणि मग पुढचं वाचून डोकं फिरलं. फ्रेम म्हणे! तुला काहीही दिसलं की आधी त्याला भिंतीवर ठोकायचं असतं.

ऐक आता, मग ठरव.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. अवधूत घरत, डिसेंबर एकाहत्तर, नदी ओलांडताना मृत्यू. त्याचीही दोन पदकं निघाली होती, जासईच्या पत्त्यावर, त्याच्या आईच्या नावानं. तोवर जासईची आजी गेलेली, मिठागरावरचं घर मोडलेलं. पाकीट परत गेलं. आता जवळची वारस म्हणजे बहीण, तिनं अर्ज केला तर मिळतील. सोबत फॉर्म पाठवलाय. त्यात छापलंय, 'मृत सैनिकाची कोणतीही पदके मला आजवर मिळालेली नाहीत', आणि त्याच्याखाली आईचा अंगठा हवा.

फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं कोणी नाही पनवेल तालुक्यात. हा फॉर्म मला भरता येत नाही.

डिस्चार्ज बुकात आणखी एक कागद सापडला. पदकांबरोबर आलेलं पत्र, बाबांच्या नावानं टाईप केलेलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी आईला विचारलं, अगं, वीर घरी आला तो दिवस सांग ना. तिला काय, सांगायला निमित्तच हवं. वाटाणे सोलत सांगत बसली.

"पोस्टमन आला नि सरकारी पुडका दिला. मना वाचता कुटं येतंय? फोडला तं आत ह्यो नि ती चांदनी. मी वलखला, माजा भाऊ आला. सा वरसं वाट बगत होते, ना हाडूक आला ना कापूड आला. मी आख्ख्या आलीला हाक मारली. बाया आल्या, रडल्या, मी हलदकुंकू लावला, देवाऱ्यात बसवला. माजी सासू, तुजी आजी बोलली, माहेरचा वीर सासरच्या देवाऱ्यात ठेवतात काय? सांजच्याला तुजा बापूस आला, दारातच हुबा. बोलला, कागूद कुटं हाय? कागूद वाचला नि खिशात घातला. मग आजीला बोलला, र्‍हाव दे. तितंच र्‍हाव दे."

मी विचारलं, आणि मग?

"मंग काय, जेवला नाय. माज्या भावाचा मान त्याला बगवला नाय."

दादा, मी उठून बेसिनवर तोंड धुतलं. आई वाटाणे सोलत होती.

तिनं बाबांना एकदाच विचारलं होतं, ते परत आले तेव्हा. दोघं गेले होते, तुमी एकलेच कसे आलात? हे तिनंच मला सांगितलंय, बऱ्याच वर्षांपूर्वी. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. मला वाटतं ते पुडकं फोडून आई ओट्यावर रडत बसली होती ना, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं. तिला भाऊ दिला. मग गाव जे म्हणायचं ते म्हणत राहिलं. अवधूतला मेडल मिळालं, तुळशीरामला का नाही? दोघं एकाच पलटणीत ना? कुठं लपला होता? पानाच्या टपरीवर तोंडावर बोलायचे. बाबा तंबाखू मळत राहायचे. एक शब्द बोलले असते तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, पण देवाराही रिकामा झाला असता.

आणि भाऊबीज आठव. आई पाट मांडायची, वीराला पाटावर बसवून ओवाळायची, करंजी ठेवायची समोर. बाबा बाहेर ओट्यावर. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, तुम्ही आत का येत नाही? म्हणाले, "भाव-भयनीचा सन हाय. माजा काय काम?"

आता सांग. काढू मेडल देवाऱ्यातून? पंच्याहत्तरीची बाई, डोळ्यानं धड दिसत नाही, अंगठ्यानं चाचपून कुंकू लावते. तिच्या हातातून तिचा भाऊ काढून घेऊ आणि तुला फ्रेम करायला पाठवू? जे बाबांनी पन्नास वर्षं केलं नाही ते मी करू?

मी वीर धुऊन पुसून परत जागेवर ठेवलाय. तिनं हात लावला आणि म्हणाली, किती हलका झालाय गो, मल निंगाला म्हनून.

तू रागावशील. रागाव. तुला खरं सांगायची फार हौस आहे हे मला माहीत आहे. माझ्याकडेही एक खरं आहे. ते मला तुला सांगायचं नाही.

शशी

पनवेल, ३ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल दसरा. बाबांचा टाक बसवला. शेठनी छान केलाय, फेटा बांधलेला माणूस, खाली नाव नाही. आईनं तो वीराच्या डाव्या हाताला ठेवला, म्हणाली, भावोजी-मेवणं आता बसू देत जोडीनं. बाबा आता देवाऱ्यात दोनदा आहेत आणि मामा एकदाही नाही. मी आरती म्हणत होते, मध्येच माझं कडवं चुकलं. आईला वाटलं बाबांच्या आठवणीनं. तेही होतंच.

तुझं पत्र मिळालं. पोस्टानं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, मराठीत. अक्षर बाबांसारखं होत चाललंय तुझं. तू लिहिलंस की ठीक, आईला सांगू नकोस, पण मला एक कळत नाही. 'ज्या माणसानं एवढं सोसलं त्याच माणसानं माझं भरतीचं पत्र का फाडलं? मला लढाईत मरू द्यायचं नव्हतं, तर तसं तोंडानं सांगायचं. फाडलं का?' आणि खाली लिहिलंस, एवढ्यावर मी त्यांना माफ करू शकलो तर येईन.

हे वाचून मी तीन दिवस तापानं पडल्यासारखी होते. कामावर गेले, खिचडी वाटली, पोरांची वजनं घेतली, एकही वजन बरोबर लिहिलं नाही.

बाबांनी तुझं पत्र फाडलं नाही.

मी चुलीत घातलं.

मी सोळा वर्षांची होते, दहावीत. पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं, खाकी पाकीट. मी ते वाचलं. तुझं नाव, हजर राहायची तारीख, गाव. आदल्याच आठवड्यात आई देवाऱ्यापुढे बसून म्हणाली होती, मना एकच वीर पुरे हाय. पण मी आईवर ढकलणार नाही. मला तू जायला नको होतास. मला घरात तू हवा होतास. एवढंच होतं. दुसरं मोठं कारण असतं तर मी लिहिलं असतं.

भाताचं आधण ठेवलेलं होतं. मी पाकीट त्याखाली सारलं. कोपरा जळायचा राहिला होता तेव्हा बाबा आत आले. त्यांनी तो कोपरा बघितला. त्यावर शिक्का होता, त्यांना न वाचता कळला असणार. मला वाटलं आता मारणार. ते माझ्या शेजारी खाली बसले. फुंकणी घेऊन दोन फुंकर घातल्या आणि तो कोपराही जाळला. म्हणाले, "जलला त्यो जलला. तू काय बोलू नको. मी बगतो."

आणि पंधरा दिवसांनी पोस्टमन तुला बाजारात भेटला. तू घरी आलास, ओट्यावर सगळी आळी जमलेली. मी दाराआड होते. तू विचारलंस माझं पत्र कुठं आहे. बाबा म्हणाले, मी फाडला.

पुढचं तुला पाठ आहे. मामानं जीव दिला आणि तुम्ही ढुंगणाला पाय लावून पळालात, आणि आता पोराचंही पुढे जाणं बघवत नाही तुम्हाला. असं तू म्हणालास. सगळ्यांसमोर. मी दाराआडून ऐकलं. एक पाऊल टाकायचं होतं मला, दादा, एकच. ओट्यावर येऊन म्हणायचं होतं, मी जाळलं. बाबांनी वळून दाराकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं, ते मला बोलाव म्हणतायत. आता वाटतं, नको म्हणत होते. खरं काय ते मला कळणार नाही. मी बाहेर आले नाही.

तू तुझी पिशवी घेऊन गेलास. वर्दी हवी होती तुला, ती मिळाली म्हणा, केमिकल कंपनीच्या गेटवर. भाविका सांगते, तू अजून रोज सकाळी बूट पॉलिश करतोस आणि आरशासमोर टोपी नीट करतोस. मला ते ऐकवत नाही.

छत्तीस वर्षं मी तुला पोस्टानं राखी पाठवली आणि भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाईसारखं. शेजारणी विचारायच्या, तुला तर भाऊ आहे ना? मी म्हणायचे, लांब असतो. बाबा ऐकायचे. मरायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांना म्हटलं, मी दादाला सांगते आता. त्यांनी डोळे उघडले, म्हणाले, "तुजा एकच भाव हाय. तो कशाला घालवतेस?"

म्हणून सांगितलं नाही. म्हणून बाबा गेले त्या दिवशी फोनवर तू बोललास तेव्हाही सांगितलं नाही, उलट तुझ्यावरच ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा.

आता त्यांना माफ करायचं काही राहिलं नाही. माझ्यापुरतं काय ते तू बघ. भाऊबीज २३ तारखेला आहे. मी पाट मांडेन.

शशी

पनवेल, २६ ऑक्टोबर २०२५

दादा,

पोचलास, भाविकाचा मेसेज आला. ट्रंक गाडीत मावली का? ती नेलीस ते बरं केलंस. तांदूळ मी स्टीलच्या डब्यात काढलेत, आईला सांगितलं उंदीर शिरायचे. तू ट्रंकेसमोर मांडी घालून बसलास आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवलंस, सहाचं पोट, तीनचं पोट. मी स्वयंपाकघरातून बघितलं. मला वाटलं आता तू हाक मारशील. असो.

तू दारात उभा राहिलास तेव्हा आईनं तुला ओळखलं नाही, मग चेहरा चाचपला आणि ओळखलं. तुझे केस पांढरे झालेत हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारख्या गोष्टी कमी का होत्या.

जे तू बघितलंस ते मी परत लिहीत नाही. आईनं पाट मांडला, वीर पाटावर ठेवला, ओवाळलं. तू पुढे झालास. मला वाटलं तू हात जोडशील. तू पूर्ण आडवा झालास त्या पाटासमोर, कपाळ फरशीला टेकवून, आणि उठेना झालास. आई निरांजन हातात घेऊन तशीच उभी. तेल सांडलं तिच्या बोटांवर, तिला कळलं नाही. एक शब्द जरी बोलला असतास ना, तर सगळं फुटलं असतं. तू बाबांचाच मुलगा निघालास.

दुसरा पाट माझा होता, खिडकीजवळ, रांगोळी घातलेला. तो तू बघितलास हे मला माहीत आहे, कारण तू त्याच्या बाजूनं वळसा घालून गेलास. पायानं रांगोळी मोडणार नाही अशी काळजी घेऊन गेलास. चहा घेतलास तो आईच्या हातचा. माझ्याशी बोललास ते एवढंच, "ट्रंक नेऊ का?"

माझी काही तक्रार नाही. मी रागाला तयार होते. तू रागावलासच नाहीस याला मी तयार नव्हते. तू गेल्यावर गॅलरीत गेले, चंद्र नुकताच बिल्डिंगमागून दिसत होता, नखाएवढा, त्याला ओवाळलं. करंजी त्याला काय खाता येणार? ती मीच खाल्ली. रडत खाल्ली, गोड लागली नाही.

पण एक तुला सांगायलाच हवं, म्हणून हे पत्र. तू रिक्षात बसलास, त्यानंतरचं.

आई देवाऱ्यापुढे बसली होती. वीर पाटावरून उचलून जागेवर ठेवत होती, बाबांच्या टाकाशेजारी. तोंड असं खुललं होतं तिचं, मी कित्येक वर्षांत बघितलं नाही. म्हणाली, "बगितलास, शशी? कमलाकर माज्या भावाच्या पाया परला. पन्नास वरसां तुज्या बापसानं कदी हात जोरला नाय. पोरानं त्याच्या वाटचाही केला." आणि मग बाबांच्या टाकाकडे बघून म्हणाली, "आता तरी शिका कायतरी पोराकरून."

मी म्हटलं, हो आई.

तो फॉर्म मी बाबांच्या डिस्चार्ज बुकात ठेवलाय, आणि ते पुस्तक ट्रंकेत, म्हणजे तुझ्याकडे. मामाचं पदक अजून कुठल्यातरी कपाटात पडून आहे. आई आहे तोवर तिथंच राहू दे. नंतर आपण दोघांनी मिळून अर्ज करू, तो त्याच्या जागी आणि बाबा त्यांच्या. तेव्हा तरी तुला माझ्याशेजारी बसून सही करावी लागेल.

खिडकीजवळचा पाट मी अजून उचललेला नाही. केर काढताना त्याच्या कडेनं काढते. आई विचारते, ह्यो हितं कशाला? मी सांगते, राहू दे.

शशी